ट्रेकडचं काम

६ फेब्रुवारी

मामा,

तुला आणि मामीला नमस्कार. फोन न करता पत्र लिहितेय, त्याचं कारण तूच आहेस. फोनवर तू मापं सांगायला लागतोस, मध्येच तुला कुठल्यातरी जुन्या गिऱ्हाइकाची आठवण येते, गोष्ट सुरू होते, आणि माझ्या कागदावर नुसता पाण्याचा आकडा उरतो. तेव्हा सगळं लेखी कळव.

बातमी अशी की मी नोकरी सोडली. आईला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. इथलं जुनं नाट्यगृह पाडणार आहेत. त्याच्या कोठारात निगेटिव्हचा एक पत्र्याचा डबा सापडला. नटनट्या कोणी नाहीत त्यात, सगळी पडद्यामागची माणसं. सुतार, रंगभूषा करणारा, दिवेवाला, तिकिटं फाडणारी बाई. तीस एप्रिलला नाट्यगृहाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी दिवाणखान्यासारखं जे पुढचं दालन आहे ना, तिथे हे फोटो लावायचेत. व्यवस्थापक म्हणाले, यंत्रावर काढून घेऊ. मी म्हटलं, छे, हे हाताने, डार्करूममध्येच व्हायला हवेत, मी करते. बोलून तर गेले. पण आता माघार नाही. हे जमलं तर पुढे हेच करायचं, नाही जमलं तर पुन्हा त्या ऑफिसच्या खुर्चीत. त्या खुर्चीत मी परत बसणार नाही, एवढं मला कळतं.

मोरीत फळी टाकून तीन ट्रे मांडलेत, तुझ्याच क्रमाने: चित्र उठवायला डेव्हलपर, थांबवायला स्टॉप, पक्कं करायला हायपो. कागदावर मोठी प्रतिमा पाडणारा एन्लार्जर कपडे धुवायच्या यंत्रावर. खिडकीला काळा पुठ्ठा. नवरा संध्याकाळी येऊन दार वाजवतो आणि विचारतो, "आंघोळ या आठवड्यात होईल का?"

आता विचारायचं ते. डेव्हलपर घरीच बनवायचा तर तुझी कृती दे. आणि पुड्यांवर लिहिलंय की हातमोजे घाला, पूड ढवळताना नाकाला मास्क बांधा, खोली हवेशीर ठेवा. तुझ्या स्टुडिओत यातलं काहीच नव्हतं. मग हे किती मनावर घ्यायचं?

तुझी
भिंगरी

१४ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद. नोकरी सोडलीस हे वाचून मी उठून दोन फेऱ्या मारल्या. एक काळजीची, एक आनंदाची. आईला कळेल तेव्हा मी त्या गावचाच नाही.

कृती वेगळ्या कागदावर लिहिली आहे. कोमट पाण्यात आधी मेटॉल विरघळव, मग सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन. क्रम चुकवलास तर गुठळ्या होतील आणि मला दोष देशील. स्टॉपसाठी आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीही ओतायचं नाही, नाहीतर तोंडावर उडेल. आणि एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐक. उरलेलं रसायन सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलंस तर तिथे येऊन कान उपटीन. आमच्या ओळखीच्या एका फोटोग्राफरने तहानेच्या भरात स्वतःच्याच बाटलीला तोंड लावलं होतं. वाचला, पण फार हाल झाले त्याचे.

बाकी पुड्यांवर लिहिलेलं वाचत बसलीस तर फोटो कधी करणार? कंपन्या स्वतःची कातडी वाचवायला लिहितात ते. चिमट्याने फोटो धरणारा आणि हातमोजे घालून बाळाला न्हाऊ घालणारा, दोघे सारखेच. बोटाला कळतं डेव्हलपर किती कोमट आहे ते. एखादा कोपरा उठत नसेल तर अंगठा दाबून ठेवायचा, अंगाच्या उबेने तिथली छाया वर येते. ही आपल्या घरची पद्धत आहे. आपल्याकडून बाहेर पडलेला फोटो लोक लांबून ओळखायचे. खिडकी बंदच ठेव, धूळ येते. वासाचं काय, दोन दिवसांत नाक मरतं.

चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला. मला कधी काही झालं नाही.

मामा

३ मार्च

मामा,

तुझा अंगठा म्हणजे जादू आहे! दिवेवाल्याचा फोटो होता. अर्धा चेहरा अंधारात, काही केल्या उठेना. अंगठा दाबून धरला, आणि मामा, त्याचा डोळा आला वर. माझ्याकडे बघत होता. मी एकटीच मोरीत ओरडले. नवरा धावत आला, त्याला वाटलं झुरळ.

निम्मे होत आले. व्यवस्थापक बघून गेले आणि बराच वेळ तिकिटवालीच्या फोटोसमोर उभे राहिले. जाताना म्हणाले, "हिला मी ओळखायचो." मला रात्रभर झोप नाही आली. आनंदाने, आणि थोडी खाजेमुळे.

म्हणजे झालंय काय, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुटकुळ्या आल्यात. फार काही नाही. भांडी घासायचा साबण बदलला, त्यानेच असणार. आता पुन्हा जुना आणलाय. आणि दुपारनंतर जरा ढास लागते, पण ऋतू बदलतोय, सगळ्यांनाच लागते. नवऱ्याला चार वेळा वाटेल ते बोलले या आठवड्यात. त्याची चूक एवढीच की तो "डॉक्टर" हा शब्द उच्चारतो.

काही घरगुती उपाय असेल तर कळव. काम सोडून बसवत नाही मला, पण हाताला काही लागलं की आग होते.

भिंगरी

९ मार्च

भिंगरी,

तुझी मामी म्हणते खोबरेल लाव. मी म्हणतो, इतकी वर्षं कळफलक बडवून तुझे हात नाजूक झालेत. कामाने निबर होतील. मी सत्तरी ओलांडली, माझे हात अजून लोण्यासारखे आहेत. हस्तांदोलन करणारे विचारतात, काय लावता?

ट्रेकडचं, रसायनांतलं काम तर तुझी मामी करायची. ती कधी हूं की चूं म्हणाली नाही. फोटो हलवता हलवता शेजारणीशी गप्पा मारायची. तेव्हा एवढं तेवढं होतं म्हणून काम टाकू नकोस. शेवटची तारीख कोणासाठी थांबत नाही.

डोळा वर आला, ते वाचून मला भरून आलं. हेच ते. यासाठीच माणूस अंधारात उभा राहतो.

मामा

२८ मार्च

मामा,

अक्षर नवऱ्याचं आहे. मी सांगतेय, तो लिहितोय. माझ्या दोन्ही हातांना पट्ट्या आहेत.

शेवटचं पत्र लिहिलं तेव्हाच बोटं फुटायला लागली होती, तुला लिहिलं नाही. मामीचं खोबरेल लावलं आणि पुन्हा आत गेले. मग मनगटापर्यंत चढलं. मग पाणी गळायला लागलं. पेला धरता येईना. तरी मी जातच होते. गेल्या आठवड्यात आत असताना ढास लागली ती थांबेना, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तेव्हा याने दार ढकलून मला बाहेर ओढलं. ट्रेमधला फोटो पूर्ण काळा झाला.

(हे मी माझ्या मनाने लिहितोय, मामा. ओढलं नाही, उचललं. आणि दार उघडल्याबद्दल शिव्याही खाल्ल्या. तुम्ही वडीलधारे आहात, तरी सांगतो, तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकू नका. — जावई)

काय लिहिलंस ते मी वाचलंय आणि खोडायला सांगितलेलं नाही.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पाठीवर सगळ्या पुड्यांच्या टिकल्या लावून दोन दिवस ठेवल्या. मेटॉलची टिकली होती तिथे टेंगूळ आलं. साबणाचा काही संबंध नाही. त्या म्हणाल्या, एकदा शरीराने हे धरलं की सोडत नाही. आता थेंबभर लागलं तरी उठणार. हट्टाने हात घालत राहिले तर हे दुखणं कायमचं मागे लागेल, मग डार्करूमच काय, पीठ मळणंसुद्धा अवघड होईल. खोकल्याचं कारण वेगळं. स्टॉपच्या आम्लाची वाफ आणि हायपोतून सुटणारा वायू, बंद खोलीत महिनाभर माझ्या छातीत गेला. नाक मरतं म्हणालास ना तू? नाक मेलं म्हणूनच मला कळलं नाही.

अजून अठरा फोटो राहिलेत. दालन मोकळं ठेवलंय माझ्यासाठी. मला घरात बसवत नाही, उभं राहवत नाही, हाताने काही करता येत नाही. व्यवस्थापकांना नाही म्हणून सांगायला मी दोनदा निघाले आणि दोनदा कोपऱ्यावरून परत आले.

मला एकच सांग. तुझी तीच कृती, तोच अंगठा, तीच बंद खिडकी. चाळीस वर्षं. मग तुझे हात लोण्यासारखे कसे राहिले? तू काय करत होतास? जे करत होतास ते मी करीन.

भिंगरी

४ एप्रिल

भिंगरी, बाळा,

तुझं पत्र आलं त्याला तीन दिवस झाले. तुझ्या मामांनी वाचलं, माझ्यासमोर ठेवलं आणि बाहेर गेले. तेव्हापासून घरात येरझारा चालू आहेत. तीनदा उत्तर लिहायला बसले, तिन्ही कागद फाडले. मला तो कागद फाडल्याचा आवाज सहन होईना, म्हणून मीच लिहितेय.

तू विचारलंस, ते काय करत होते. ते एन्लार्जरपाशी बसलेले असायचे. दिवा लावायचे, सेकंद मोजायचे, कागद माझ्या हातात द्यायचे. पुढचं सगळं माझं. डेव्हलपर, स्टॉप, हायपो, धुणं, वाळवणं. अंगठा दाबायचा तो माझा. ते मागून सांगायचे, "डावा कोपरा, जरा अजून." लोक लांबून ओळखायचे तो फोटो त्यांचा होता, खोटं नाही. नजर त्यांचीच होती. पण त्या पाण्यात त्यांचं बोटही कधी बुडलं नाही. आणि गंमत अशी, की हे त्यांच्या ध्यानातच नाही. त्यांनी तुला थाप मारली नाही गं. त्यांना खरंच वाटतं, आपण चाळीस वर्षं हे हातांनी केलं.

माझे हात? तुझ्या पट्ट्यांचं वाचलं आणि मी माझे हात पदरात घेतले. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सुरू झालं. बोटांना भेगा, थंडीत रक्त. रात्री तेल लावून फडकी गुंडाळून झोपायचे. आम्ही दोघांनी मिळून सगळा दोष भांड्यांच्या साबणाला दिला. किती साबण बदलले असतील! दुखणं अंगावर काढायची सवयच असते आपल्याला. मग यंत्रं आली, डार्करूम बंद झाली, आणि एका हिवाळ्यात माझे हात आपोआप बरे झाले. तेव्हाही मी शेजारणीला म्हटलं, "बघा, शेवटी साबण सापडला एकदाचा." काल रात्री हे आठवून मी एकटीच हसले आणि मग हसू येईना.

मला राग आलाय. कोणाचा ते नीट सांगता येत नाही. पण तुझे हात जाऊ द्यायचे नाहीत, एवढं मी ठरवलंय. तू आत पाऊल टाकू नकोस. डॉक्टरीणबाईंना विचार, मेटॉल नसलेला डेव्हलपर मिळतो का. आणि ट्रेकडच्या कामाला दुसरे हात शोध, मोजे घातलेले. जावयांना उभं केलं असतं, पण मागे इथे आले होते तेव्हा त्यांनी आमच्या लग्नाचा फोटो भिंतीवर उलटा टांगला होता.

मामी

६ एप्रिल

भिंगरी,

चार दिवसांनंतरच्या गाडीचं तिकीट मिळालं, निघतोय. घरात बसवत नाही.

एन्लार्जरचा दिवा तू बघ. ट्रे मी बघतो. हातमोजे कोणत्या मापाचे लागतात मला ठाऊक नाही, मोठे आण. चिमटेही आण, प्रत्येक ट्रेचा वेगळा. पुड्या तू उघडू नकोस, मी आल्यावर गच्चीत ढवळीन, नाकाला बांधून. जावईबुवांना सांग, शेळ्या हाकायला आता उंटावरून उतरून येतोय.

मामा

२४ एप्रिल

मामी,

अक्षर माझं आहे, बघ! वाकडंतिकडं आहे, पण माझं. नवं कातडं गुलाबी आणि पातळ आहे, पेन धरलं की ताणल्यासारखं होतं. पण खाज नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरं होईल, मात्र मेटॉलशी आयुष्यभराची सोडचिठ्ठी.

तुला सगळं सांगते. मामा आला तो थेट मोरीत गेला, वास घेतला आणि म्हणाला, "इथे तू महिनाभर होतीस?" दुसऱ्या दिवशी त्याने आणि नवऱ्याने मिळून खिडकीचा पुठ्ठा फाडला. ट्रेच्या मागे, ट्रेच्याच उंचीवर हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला, म्हणजे वाफ तोंडाकडे न येता मागच्या मागे जाते. त्याच्यावर काळ्या पत्र्याची वाकडी नळी, उजेड आत येऊ नये म्हणून. दाराखालून हवा आत येते. एन्लार्जर आता बाहेरच्या बोळात, पडद्याआड. मी तिथे. डेव्हलपर मेटॉलशिवायचा, तयार मिळाला. तरीही मोजे मला सक्तीचे, कोरडा कागद धरतानाही. खायचं-प्यायचं काही त्या दाराच्या आत जात नाही. मामाने स्वतःच्या हाताने सगळ्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्यात, इतक्या मोठ्या अक्षरांत की आंधळ्यालाही वाचता येतील.

आणि कामाचं म्हणशील तर, मामी, तो इतका वाईट आहे! पहिल्या दिवशी चिमट्याने फोटोला भोक पाडलं. दुसऱ्या दिवशी ट्रे असा हलवला की हायपो डेव्हलपरमध्ये, सगळं फेकून द्यावं लागलं. मोज्यांत घाम येतो म्हणून कुरकुर, चिमट्याला शिव्या, कंबर धरली म्हणून कण्हणं. मी पडद्याआडून ओरडते, "डावा कोपरा, जरा अजून!" आणि तो आतून ओरडतो, "दिसतंय मला! दिसतंय!" नवरा म्हणतो, तुम्ही दोघं भांडता त्यावर शेजारी तिकीट लावतील.

पण तो सोडत नाही. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. तीनच फोटो उरलेत.

काल मात्र असं झालं. सुताराचा फोटो चालला होता. खूप वेळ आतून काही आवाज नाही. मी घाबरून हाक मारली. तर आतून विचारतो, "ती दिवसभर अशीच उभी असायची का गं?" मी म्हटलं, मी लहान होते, पण मला तू आठवतोस तो बसलेला आणि मामी उभी. आतून पाण्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "मला सांगितलं का नाही तिने कधी?" मी म्हटलं, तिलाच विचार.

त्याने विचारलंय असं समज. मी लिहितेय हे त्याला माहीत आहे. पत्र टाकायला तोच जाणार आहे.

तुझी
भिंगरी

२८ एप्रिल

भिंगरी,

तुझं वाकडंतिकडं अक्षर पुन्हा पुन्हा वाचलं. तीनही फोटो झाले असतील असं धरून चालते. परवा सकाळच्या गाडीने मी येतेय, हे पत्र कुरियरने पाठवते, म्हणजे माझ्याआधी पोचेल. त्या तिकिटवालीला मला बघायचंय.

तुझ्या मामांना उत्तर द्यायचं तर देते. वाचून दाखव, मोठ्याने.

सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी. काम चालू होतं, मला सहन होईना, म्हणून मी ट्रेमधून हात काढले, पुसले आणि त्यांच्यासमोर धरले. म्हटलं, बघा हो, कसे लालबुंद झालेत. त्यांनी बघितलं. नाही बघितलं असं मी म्हणणार नाही. वाकून, चष्मा वर करून बघितलं. पण डार्करूममध्ये दिवा लाल. लाल उजेडात लाल कातडं कसं दिसणार? माझे हात सगळीकडून सारखेच दिसत होते, गुळगुळीत. म्हणाले, "कुठे काय आहे? साबण लागत असेल." मी म्हटलं, बाहेर उजेडात चला ना. तर म्हणाले, "आत्ता? कागद ट्रेमध्ये आहे."

कागद खरंच ट्रेमध्ये होता. मी हात पुन्हा आत घातले. त्यानंतर मलाही वाटायला लागलं की काही नाहीच.

तू रोज सकाळी खिडकीशी जा आणि स्वतःचे हात स्वतः बघ. कोणी बघेल म्हणून थांबू नकोस.

मामी